ताटावरचें नांव

महाराष्ट्रांतील कोणत्याही जुन्या घराच्या माळ्यावर चढून पाहिलें, तर एखादा पितळी हंडा, एखादें तपेलें, निदान एखादें फुलपात्र तरी असें सांपडतें कीं, ज्याच्या कांठाखालीं ठिपक्याठिपक्यांनीं कोणाचें तरी नांव कोरलेलें असतें. नांवापुढें बहुधा गांव असतें. भांडें लग्नांतील असल्यास देणाऱ्याचें नांव आणि सालही असतें. हें नांव ज्याचें भांडें त्याचें, किंवा ज्यानें तें दिलें त्याचें. ज्या तांबटानें तें ठोकून ठोकून घडविलें, त्याचें नांव आम्हीं तरी आजवर कोणत्याही भांड्यावर वाचलेलें नाहीं. मातीच्या भांड्याची तर गोष्टच नको. त्यावर मालकाचें नांव नसतें, आणि कर्त्याचें तर नसतेंच नसतें.

यामुळेंच इंग्लंडांतील संग्रहालयांत जपून ठेवलेल्या कांहीं मातीच्या ताटांची हकीकत वाचतांना आम्हांस प्रथम नवल वाटलें. हीं ताटें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील असून तीं स्टॅफर्डशायर परगण्यांत भाजलेलीं आहेत. व्यास सुमारें दीड फूट. कांठावर जाळीची नक्षी. मध्यभागीं कधीं मत्स्यकन्या, कधीं सिंह, कधीं ओकच्या झाडांत लपून बसलेला दुसरा चार्लस राजा. आणि खालीं, जाळीच्या पट्ट्यांत, राजाच्या पायांशीं म्हटलें तरी चालेल, ठसठशीत अक्षरांत कुंभाराचें नांव: टॉमस टॉफ्ट. अशींच दुसरीं ताटें राल्फ टॉफ्ट, जेम्स टॉफ्ट यांच्या नांवांचीं आहेत. म्हणजे हें एक कुंभारांचें घराणें होतें. त्यांच्याविषयीं लेखी पुरावा फारच थोडा. परंतु ताटावर नांव घातल्यामुळें तेवढ्या आधारानें इंग्रज पंडितांनीं त्यांच्यावर प्रकरणेंच्या प्रकरणें लिहिलीं आहेत.

हें काम कसें करीत तें सांगण्यासारखें आहे. तांबड्या मातीचें ताट घडवून तें थोडें सुकूं द्यावयाचें. मग माती पाण्यांत कालवून तिची साईसारखी पातळ धार होईल अशी करावयाची, ती नळीच्या लहानशा भांड्यांत भरावयाची, आणि हलवाई जिलबी घालतो त्याप्रमाणें हात न थांबवितां ताटावर चित्र काढावयाचें. रेघ एकदां पडली कीं पुसतां येत नाहीं. वरून शिशाच्या खनिजाची पूड लावून ताट भट्टींत घातलें, म्हणजे सर्व कामावर मधासारखी पिवळसर झिलई चढते. ही झिलई दिसावयास सुरेख, पण ती चढविणाऱ्यास घातक. शिशाचें विष अंगांत भिनून इंग्लंडांतील कुंभारकामाच्या गांवीं कित्येक माणसें पंगु झालीं, आणि त्याविरुद्ध कायदे होण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. त्या मोहक पिवळ्या रंगाची किंमत कोणी दिली, हें ताटावर लिहिलेलें नसतें.

स्टॅफर्डशायरमधील हें घरगुती काम अठराव्या शतकांत मागें पडलें. तें मागें पाडणारा पुरुषही कुंभाराच्याच घरचा होता. जोसाया वेजवुड हा १७३० सालीं बर्स्लेम गांवीं, पिढीजात कुंभारांच्या कुळांत जन्मला. लहानपणीं देवी येऊन त्याचा एक पाय कायमचा अधू झाला, आणि पुढें १७६८ सालीं तो कापावा लागला. पायानें फिरवावयाचें चाक त्याला झेपेना, म्हणून त्याचें लक्ष चाकावरून माती, झिलई आणि भट्टी यांच्या प्रयोगांकडे वळलें असें म्हणतात. त्यानें फिकट सायीच्या रंगाचीं, हलकीं, एकसारखीं भांडीं काढलीं; १७६९ सालीं एट्रुरिया नांवाचा कारखाना उभारला; कामाचे तुकडे पाडून एकेका माणसाकडे एकेक तुकडा दिला; माल फुटूं नये म्हणून कालवा खणविण्याच्या खटपटींत पुढाकार घेतला. रशियाच्या कॅथेरीन राणीसाठीं त्यानें साडेनऊशेंहून अधिक नगांचा जो संच १७७४ मध्यें पुरा केला, त्यावर इंग्लंडांतील वाड्यांचीं व रानांचीं चित्रें हातानेंच रंगविलेलीं होतीं. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. वेजवुड आपल्या मालाच्या बुडाशीं आपलें नांव नियमानें ठशानें उमटवूं लागला.

टॉफ्टचें नांव ताटाच्या दर्शनीं भागावर, हातानें काढलेलें. वेजवुडचें बुडाशीं, ठशाचें. या दोहोंमधील अंतर म्हणजे एका युगाचें अंतर होय. टॉफ्टचें नांव सांगतें कीं, हें मीं केलें. वेजवुडचें सांगतें कीं, हें कोणींही केलेलें असो, त्याची हमी माझी. ज्या मुलीनें त्या भांड्यावर फुलाची वेल काढली तिचें नांव तेथें नाहीं. त्या घराण्याच्या नांवाची पेढी पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ चालली, आणि २००९ सालीं ती कर्जांत बुडून परक्यांच्या हातीं गेली. नांव मात्र अजून ठशांत आहे.

जुन्या पद्धतीचें काम सर्वत्रच मेलें असें नाहीं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर तें खेडेगांवच्या गरजेपुरतें जिवंत राहिलें. या किनाऱ्यावरील मातीचीं भांडीं सतराव्या शतकांत जहाजांतून अमेरिकेपर्यंत जात. जेम्सटाउन येथील उत्खननांत त्यांचीं खापरें निघालीं आहेत. तेथील फ्रेमिंग्टन गांवीं फिशली नांवाचें कुंभाराचें घराणें एकोणिसाव्या शतकभर नांदलें. बाप, मुलगा, नातू अशा क्रमानें चाक फिरत राहिलें. शेतकऱ्यांच्या घरीं भाकरी भाजावयाच्या मातीच्या भट्ट्या, दुधाचीं पसरट भांडीं, लोणच्याचे बुधले हा त्यांचा रोजचा माल. पण सुगीच्या मेजवानीसाठीं एक खास सुरई होत असे. तिच्यावर पांढऱ्या मातीचा लेप देऊन तो टोकदार काडीनें खरवडीत, आणि खालच्या तांबड्या मातींत गलबत, फूल, यजमानाचें नांव, साल असें कांहीं उमटवीत. घराण्यांतील नांवाजलेला कारागीर एडविन बीअर फिशली १९१२ सालीं वारला, आणि फ्रेमिंग्टन येथील घराण्याचा धंदा संपला.

पण येथेंच एक अशी गोष्ट घडली कीं जिच्यामुळें या घराण्याचें नांव आज आमच्या कानांवर आलें. मायकेल कार्ड्यू नांवाचा एक सुखवस्तु घरचा मुलगा सुट्टींत या किनाऱ्यावर येत असे; त्याच्या घरीं म्हाताऱ्या फिशलीचीं भांडीं होतीं. पुढें हा मुलगा ऑक्सफर्डास ग्रीक-लॅटिन शिकूं लागला, आणि तें शिकत असतांनाच फिशलीच्या नातवाकडे, विल्यम फिशली हॉलंड याच्याकडे, जाऊन चाकावर बसला. त्यानंतर सेंट आइव्हज येथें बर्नार्ड लीचच्या हाताखालीं त्यानें उमेदवारी केली, आणि १९२६ सालीं विंचकम येथें बंद पडलेली एक जुनी भट्टी भाड्यानें घेऊन टॉफ्टच्या रीतीचीं भांडीं पुन्हा करावयास आरंभ केला. विद्यापीठांतील पदवीधर कुंभाराच्या नातवाचा शिष्य झाला, ही ती गोष्ट. ती वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. स्टॅफर्डशायरचा आणि महाराष्ट्राचा संबंध वाटतो तितका दूरचा नाहीं. वेजवुडच्याच बर्स्लेम गांवीं मातीच्या भांड्यांचे नमुने करणारा जॉन लॉकवुड किप्लिंग हा १८६५ सालीं मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिक्षक होऊन आला. स्टॅफर्डशायरमधील रड्यर्ड तलावाच्या कांठीं त्याची व त्याच्या भावी पत्नीची भेट झाली होती. म्हणून त्याच वर्षीं मुंबईस झालेल्या मुलाचें नांव त्यांनीं रड्यर्ड ठेविलें. मुलानें पुढें केवढें नांव काढलें तें सर्वश्रुत आहे. बाप मात्र मुंबईस दहा वर्षें राहून लाहोरास गेला. त्याच शाळेंतील जॉर्ज टेरी यानें सिंधमधील कुंभार मुंबईस आणवून निळ्या-हिरव्या झिलईचीं भांडीं करविण्यास आरंभ केला, आणि 'वंडरलंड' या नांवानें एक कुंभारशाळाही चालविली. जॉर्ज बर्डवुड यानें १८८० सालीं हिंदी कलाकौशल्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत या कामाची दखल घेतलेली आहे. याच सुमारास, १८७२ पासून १८८५ पर्यंत, ग्रिफिथ्स हा शिक्षक शाळेंतील विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जाई आणि भित्तिचित्रांच्या नकला करवून घेई. तीं चित्रें मग या मातीच्या कुंभांवर उतरलीं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत असे नग पाहावयास मिळतात.

या भांड्यांपुढें उभें राहिलें म्हणजे मन थोडें गोंधळतें. चित्र अजिंठ्याचें, म्हणजे मराठवाड्यांतलें, हात सिंधी, शिक्षण इंग्रजी, भट्टी मुंबईची, गिऱ्हाईक लंडनचें. ज्या मुलुखांतून चित्र उचललें त्या मुलुखांतील कुंभार या सबंध व्यवहारांत कोठेंच नाहीं. औरंगाबाद, परभणी, नांदेड हा सर्व प्रदेश त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता, हें एक कारण झालें. परंतु तेवढेंच कारण नव्हे. परभणीच्या कुंभाराला झिलईचें काम कोणीं शिकविलें असतें, तरी त्यानें तें केलें असतें काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर बरेंचसें जमिनींत सांपडतें.

परभणी जिल्हा सबंध काळ्या दगडाच्या थरांवर वसलेला आहे. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या खोऱ्यांतील ती काळी कसदार माती कापसाला व ज्वारीला वरदान आहे, पण कुंभाराला ती एकटी उपयोगी नाहीं. ती पाण्यानें फुगते, सुकतांना आंखडते, आणि चाकावरून उतरलेल्या मडक्याला दुसऱ्या दिवशीं तडा देते. म्हणून कुंभार नदी-ओढ्यांच्या कांठचा गाळ शोधतो, आणि त्यांत राख, भुसा, घोड्याची लीद कालवून तिचा ताठा मोडतो. पांढरी माती तेथें नाहीं. दगडी कोळसा तर नाहींच. आणि स्टॅफर्डशायरमध्यें माती व कोळसा एकमेकांच्या उशापायथ्याशीं सांपडतात, हेंच त्या परगण्याच्या भाग्याचें मूळ होय. परभणीकडे जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. उघड्या आव्यांत त्यांची आंच सातशें-आठशें अंशांच्या फारशी वर जात नाहीं. एवढ्या आंचेवर चांगली झिलई साधणें कठीण. हा केवळ तर्क नव्हे: चांदा जिल्ह्यांत, जेथें कोळसाही आहे व मातीही आहे, तेथें भद्रावतीस कृष्णमूर्ति मिरमिरा यांनीं स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत ग्रामोदय संघ उभा केला, आणि झिलईच्या भांड्यांचें काम तेथें रुजलें.

बरें, झिलई नाहीं ही उणीव तरी म्हणावी काय? परभणीस वैशाखांत पारा चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढतो. रांजणाच्या अंगावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरून वाऱ्यावर उडतें, आणि त्या उडण्यानेंच आंतील पाणी गार होतें. रांजणास झिलई दिली कीं पाणी बाहेर यावयाचें नाहीं आणि गारही व्हावयाचें नाहीं. इंग्लंडांतील कुंभाराला भांडें गळूं नये हीच चिंता. आमच्या कुंभाराची कसोटी अशी कीं, भांडें पाझरावें, पण गळूं नये. कच्चें राहिलें तर विरघळेल, फार भाजलें तर पाणी तापेल; या दोहोंमधील नेमकी आंच तो धुराच्या रंगावरून ओळखतो. या कामाला कौशल्य म्हणावयाचें नाहीं, तर कौशल्य शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

तथापि नांव कां नाहीं, याचें उत्तर मातींत नाहीं; तें आपल्या चालीरीतींत आहे. पितळेचें भांडें घासलें कीं शुद्ध होतें. मातीचें एकदां विटाळलें कीं तें फोडावयाचें, असा आमच्या समाजाचा दंडक. सुतक झालें, मडकीं बाहेर. ग्रहण सुटलें, मडकीं बाहेर. शिवाशिवीच्या या कल्पनेनें माणसांचे जे हाल केले ते जगजाहीर आहेत. पण मातीच्या भांड्याचें आयुष्यही तिनेंच ठरवून टाकलें. संक्रांतीचें सुगड, अक्षय्य तृतीयेची केळी, लग्नांत बोहल्याशीं रचावयाचीं चुन्याच्या व गेरूच्या पट्ट्यांनीं रंगविलेलीं बोळकीं, आणि शेवटीं स्मशानांत खांद्यावरून न्यावयाचें व फोडावयाचें मडकें, या सर्वांस कुंभाराचें घर लागतें. माणसाच्या आयुष्यांत असा एकही मोठा दिवस नाहीं कीं जेव्हां कुंभाराचें काम पडत नाहीं, आणि त्यांतील एकही वस्तु ठेवण्यासाठीं केलेली नाहीं. जें फोडावयाचेंच आहे त्यावर नांव कोण घालील? लग्नाच्या बोळक्यांवर कुंभारणीच्या हातची जी रेघ असते तिलाही आम्ही नक्षी म्हणतों. पण ती चार दिवसांची.

दुसरें कारण बलुत्याचें. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. तो गांवास वर्षभर मडकीं पुरवी, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वांटा नेई. या व्यवहारांत मडक्याला किंमत नव्हती आणि गिऱ्हाइकाला निवड नव्हती. रांजण कोणीं केला हें गांवांत लहान मुलालाही ठाऊक. मग नांव लिहावयाचें कोणासाठीं? वेजवुडला नांवाची गरज पडली, कारण त्याचें गिऱ्हाईक त्याला कधीं भेटत नव्हतें. ओळख जेथें संपते तेथून नांवाचें काम सुरू होतें. फार काय, कुंभार-जातींतील ज्या एका पुरुषाचें नांव सर्व महाराष्ट्र घेतो, त्या तेरच्या गोरोबाकाकांचें नांवही त्यांच्या मडक्यांमुळें नव्हे, भक्तीमुळें राहिलें. तरीही त्यांची जी कथा सर्वांच्या तोंडीं आहे ती थापटण्याचीच. संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणें मारीत त्यांनीं प्रत्येकाची परीक्षा केली, आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें. नामदेव रागावले; पण अखेर औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गुरु शोधीत गेले. नामदेवांची नरसी आणि विसोबांचें औंढा हीं दोन्ही स्थळें १९९९ सालीं हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच मोडत होतीं. महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेंतील एक मोठें वळण अशा रीतीनें कुंभाराच्या हत्यारानें घडलें आहे.

बलुत्याची ती ओळख आतां उरलेली नाहीं. १९०० च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यांतून मनमाडहून हैदराबादेकडे आगगाडी आली, आणि तिच्याबरोबर स्वस्त पितळ, इनॅमलचीं ताटें, चहाचे पेले आले. मग ॲल्युमिनियम आलें, मग पोलाद, मग प्लॅस्टिकची घागर, जी गाढवावरून पडली तरी फुटत नाहीं. १९४८ सालीं निजामी संपली, पुढें बलुतें संपलें, आणि कुंभार आठवड्याच्या बाजारांत रोकडीनें विकूं लागला. म्हणजे वेजवुडचें जें झालें तेंच त्याचेंही झालें: गिऱ्हाईक अनोळखी झालें. फरक इतकाच कीं, त्याच्यापाशीं ठसा नव्हता. जुन्या व्यवस्थेनें त्याला धान्य दिलें पण नांव दिलें नाहीं. नव्या व्यवस्थेनें धान्य काढून घेतलें आणि नांव तरीही दिलें नाहीं. अलीकडे सरकारी योजनांतून विजेवर फिरणारीं चाकें कुंभारांस मिळूं लागलीं आहेत. त्यानें खांद्याचे श्रम वांचतात, हें चांगलेंच झालें. पण श्रम वांचवून केलेलें मडकें कोणाच्या घरीं जावयाचें, हें चाक सांगत नाहीं.

येथें तो ऑक्सफर्डचा पदवीधर आठवतो. आमच्याकडे पदवीधरांची वाण कधींच नव्हती. त्यांनीं मडक्यांचा अभ्यासही केला, नाहीं असें नाहीं. परंतु तो तीन हजार वर्षांपूर्वींच्या मडक्यांचा. १९५० नंतर प्रवरेच्या कांठीं जोर्वे व नेवासें, पुढें घोडनदीच्या कांठीं इनामगांव, अशा ठिकाणीं सांकळिया प्रभृति संशोधकांनीं खणून जीं भांडीं काढलीं, तीं पाहून कोणाचीही मान डोलेल. तांबड्या अंगावर काळ्या रंगानें काढलेल्या तिरप्या रेघा, जाळ्या, चौकटी. खापर टणक, वाजविल्यास खणखणीत. इनामगांवीं त्या काळच्या कुंभाराची भट्टीही निघाली. मेलेलें मूल दोन कुंभांचीं तोंडें एकमेकांस लावून त्यांत निजवीत आणि घराच्या जमिनीखालीं पुरीत, हेंही त्या खणण्यांतून कळलें. जें फोडण्यासाठींच केलें असें आम्ही समजत होतों, तेंच सर्वांत अधिक टिकलें. राजवाडे गेले, खापर उरलें. आणि त्या खापराला संशोधकांनीं नांव दिलें तें ज्या गांवीं तें प्रथम सांपडलें त्या गांवाचें. जोर्व्याचीं भांडीं. हा बहुमान योग्यच आहे. पण त्याच गोदावरीच्या खोऱ्यांत आज जो चाक फिरवितो, त्याच्या घराण्याची चार पिढ्यांची वंशावळ, त्याच्या मातीच्या जागा, त्याच्या आव्याची रचना, त्याच्या बायकोच्या हातची चुन्याची रेघ, हें कोणीं किती लिहून ठेविलें आहे? फिशलीच्या नातवासमोर जाऊन बसला तसा आमचा कोण, कोणत्या कुंभाराच्या नातवासमोर, जाऊन बसला? भद्रावतीसारखें एखादें उदाहरण दाखवितां येईल. पण परभणीच्या बाजूस आमच्या पाहण्यांत तरी तसें नाहीं. आणि हें लिहिणारे आम्हीही त्या न बसलेल्यांतच मोडतों.

पौषांत, संक्रांतीच्या आधींच्या बाजारीं, परभणीस किंवा गंगाखेडास रस्त्याच्या कडेला सुगडांच्या उतरंडी लागतात. लाल अंगावर चुन्याचे दोन बोट ओढलेले असतात. घरच्या बायका येतात, वांकतात, एकेक सुगड उचलून बोटाच्या पेरानें टिचकी मारतात आणि कान लावतात. हरभऱ्याचे घाटे, बोरें, उंसाची कांडकी, गाजर एवढें त्यांत मावलें पाहिजे, आणि वाण देतांना तें फुटतां कामा नये. आवाज खणखणीत आला तर पिशवींत. बद्द आला तर तें बाजूस ठेवून दुसरें मागतात, आणि कुंभारीण कांहीं न बोलतां दुसरें पुढें करते.